अणूचं आयुर्मान त्याचं स्वतःचं, की भोवतालच्या जागेचं?

आवर्तसारणी

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. अणूचं प्रकरण शिकवताना आपण सांगतो की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर गेला की थोड्या वेळाने आपसूक खाली येतो आणि फोटॉन बाहेर पडतो. किती वेळाने? हायड्रोजनच्या २पी पातळीसाठी १.६ नॅनोसेकंद. कोष्टकात छापलेला आकडा, मुलांनी पाठ करायचा. यंदा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, हा आकडा ठरवतं कोण?"

तेव्हापासून वाचते आहे. वाचता वाचता कळलं की अणू दोन आरशांच्या मधल्या पोकळीत ठेवला तर हा आकडा बदलतो. कधी अणू लवकर विझतो, कधी विझायचं नावच घेत नाही. आणि पोकळी फारच चांगली असेल तर सोडलेला फोटॉन तोच अणू परत गिळतो, पुन्हा सोडतो, पुन्हा गिळतो.

माझे प्रश्न असे. अणूने अजून फोटॉन सोडलेलाच नाही, मग समोर आरसा आहे हे त्याला कळतं कसं? पोकळी पूर्ण रिकामी असेल, आत एकही फोटॉन नसेल, तर अणूची देवाणघेवाण कशाशी चालते? आणि हे सगळं कुणी खरोखर मोजलंय का? गणित चालेल, पण बारावीच्या मुलांपुढे मांडता येईल इतकंच.

माझं मत आधीच सांगून टाकते: हा भाग पाठ्यपुस्तकात निदान दोन ओळींत तरी यायलाच हवा.

खडूफळा

धागा वाचनखुणेत टाकला. जाणकारांनी सवडीने आणि सविस्तर लिहावं.

अनुनाद

ताई, तुमच्या विद्यार्थिनीचं कौतुक करा. हा आकडा अणू एकटा ठरवत नाही, हे एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ साली लिहून ठेवलंय. फिजिकल रिव्ह्यूमध्ये छापून आलेली जेमतेम परिच्छेदभराची टिपणी आहे ती.

पर्सेल तेव्हा चुंबकीय अनुनादाच्या मागे होते (१९५२ चं नोबेल त्यांना आणि फेलिक्स ब्लॉख यांना त्यासाठीच मिळालं). त्यांनी हिशोब केला की १० मेगाहर्ट्झच्या आसपास एखाद्या अणुकेंद्राचं चुंबकत्व आपलं आपण खाली यायचं म्हटलं तर लागणारा वेळ ५ गुणिले १० चा २१ वा घात इतके सेकंद. विश्वाच्या वयाच्या साधारण दहा हजार पट. म्हणजे कधीच नाही. पण तेच केंद्र योग्य अशा अनुनादी मंडलाला (ठरावीक वारंवारतेलाच जोरात कंप पावणाऱ्या विद्युत मंडलाला) जोडलं तर हा वेळ प्रचंड घटतो. पदार्थात धातूचे अगदी बारीक कण मिसळले तर तो मिनिटांवर येऊ शकतो, असं त्यांनी दाखवलं.

कारण समजायला सोपं आहे. उत्सर्जनाचा दर दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो. एक, अणूचा प्रकाशाशी किती घट्ट संबंध आहे. हा भाग अणूचा. दोन, त्या वारंवारतेचा प्रकाश सामावून घ्यायला भोवताली किती मोड, म्हणजे कंपनाच्या किती तऱ्हा उपलब्ध आहेत; हा भाग जागेचा. कोष्टकातला १.६ नॅनोसेकंद हा आकडा मोकळ्या अवकाशासाठी आहे. दुसरा भाग बदला, आकडा बदलतो.

पोकळीत दर किती पट वाढतो याचं सूत्रही पर्सेल यांनी दिलं: तरंगलांबीचा घन भागिले पोकळीचं आकारमान, गुणिले क्यू, आणि पुढे ३ भागिले ४ पाय (π) वर्ग. पोकळी जितकी लहान आणि जितकी कमी गळकी, तितका दर जास्त.

टिंब

क्यू म्हणजे काय? मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण शाखा सिव्हिल.

पारनेरकर

टिंब, हे मी सांगतो. माझी सगळी नोकरी मायक्रोवेव्ह फिल्टर बनवण्यात गेली. पोकळीत साठलेली ऊर्जा आणि एका आवर्तनात गळणारी ऊर्जा यांचं गुणोत्तर घ्यायचं, त्याला २ पायने गुणायचं, तो क्यू. तांब्याच्या पोकळीला आतून नीट पॉलिश करून दहा-वीस हजार मिळाले की आमचं काम फत्ते. आतल्या भिंतीवर बोटाचा ठसा राहिला तरी मीटरवर दिसायचं, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय कुणालाही हात लावू देत नसे.

आता मूळ विषयाबद्दल, आणि इथे माझा विरोध नोंदवतो. यात क्वांटम काय आहे? जवळ आणलेली दोन अनुनादी मंडलं एकमेकांशी ऊर्जेची देवाणघेवाण करतात आणि प्रतिसादाच्या आलेखात एका शिखराची दोन शिखरं होतात, हे आम्ही रोज स्क्रीनवर पाहायचो. अणू हे एक मंडल, पोकळी हे दुसरं. त्याला "निर्वाताशी संवाद" वगैरे भारदस्त नावं देऊन उगाच गूढ करू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

निर्वात

काका, तुमचा आक्षेप चांगला आहे. त्यावर येतेच, पण आधी ताईंच्या "खरोखर मोजलंय का" या प्रश्नाचं उत्तर देते. मी अतिसंवाहक (थंड केल्यावर वीज विनाविरोध वाहून नेणाऱ्या) सर्किटांवर काम करते, त्यामुळे हा माझा रोजचा विषय.

दर घटवता येतो हे डॅनिएल क्लेप्नर यांनी १९८१ साली मांडलं आणि १९८५ साली एमआयटीत हुलेट, हिल्फर आणि क्लेप्नर यांनी करून दाखवलं. त्यांनी सीझियमचे फुगवलेले अणू (रिडबर्ग अणू) धातूच्या दोन समांतर पट्ट्यांमधून सोडले. दोन पट्ट्यांमधलं अंतर अणूला जो प्रकाश सोडायचा होता त्याच्या तरंगलांबीच्या निम्म्याच्या जवळ ठेवलं. अंतर त्याहून कमी पडलं की पट्ट्यांना समांतर कंपन असलेला तो प्रकाश तिथे मावतच नाही. विद्युत क्षेत्र वापरून त्यांनी तरंगलांबी थोडी अलीकडे-पलीकडे सरकवली. मर्यादेच्या एका बाजूला अणू नेहमीसारखे विझत होते, दुसऱ्या बाजूला आयुर्मान साधारण वीस पट झालं. अणू तेच, पट्ट्या त्याच.

दर वाढवण्याचा प्रयोग त्याच्या दोन वर्षं आधी, १९८३ मध्ये, पॅरिसला सर्ज हारोश यांच्या गटाने केला होता.

त्यानंतरची पायरी म्हणजे पोकळी इतकी चांगली करायची की फोटॉन गळून जायच्या आत अणू तो परत घेऊ शकेल. याला प्रबळ जोडणी म्हणतात. अट एकच: देवाणघेवाणीचा वेग हा पोकळीच्या गळतीपेक्षाही जास्त हवा आणि अणू इतर दिशांना जो प्रकाश फुकट घालवतो त्यापेक्षाही जास्त हवा.

मोरपीस

आमच्या सोसायटीच्या टाकीचा क्यू फारच कमी आहे असं दिसतंय. गळती आधी, पाणी नंतर. निर्वातताई, पुढे लिहा, थांबू नका.

निर्वात

लिहिते. हारोश यांच्या गटाने पॅरिसला पुढे उभारलेला संच नीट समजून घेण्यासारखा आहे.

आरसे तांब्याचे, वर नायोबियमचा पातळ थर. एकमेकांसमोर २.७ सेंटीमीटरवर. तापमान ०.८ केल्विन, म्हणजे नायोबियम पूर्ण अतिसंवाहक. आतल्या प्रकाशाची वारंवारता ५१ गिगाहर्ट्झ, तरंगलांबी साधारण ६ मिलिमीटर, म्हणजे मायक्रोवेव्हच. अशा पोकळीत फोटॉन सरासरी ०.१३ सेकंद टिकतो. ऐकायला कमी वाटतं, पण तेवढ्या वेळात तो या आरशावरून त्या आरशावर अब्जाहून जास्त वेळा आपटतो आणि सुमारे ४० हजार किलोमीटर जातो. पृथ्वीच्या विषुववृत्ताएवढा प्रवास, पावणेतीन सेंटीमीटरच्या फटीत! पारनेरकर काका, हा क्यू ४ गुणिले १० चा १० वा घात.

अणू रुबिडियमचे. लेझर आणि रेडिओलहरी वापरून त्यांचा बाहेरचा इलेक्ट्रॉन ५० किंवा ५१ क्रमांकाच्या वर्तुळाकार कक्षेत नेतात. असा अणू पाव मायक्रॉन रुंदीचा होतो, साध्या हायड्रोजनच्या अडीच हजार पट. त्यामुळे तो मायक्रोवेव्हशी फार घट्ट जोडला जातो, आणि स्वतःहून विझायला त्याला ३० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला २५० मीटर वेगाने एकेक अणू आरशांच्या मधून जातो. पलीकडे विद्युत क्षेत्राने त्याचा इलेक्ट्रॉन ओढून काढतात आणि तो ५१ मध्ये होता की ५० मध्ये हे नोंदवतात. पोकळीत डोकावून कुणी बघत नाही; आत काय घडलं ते अणू बाहेर येऊन सांगतो.

२००७ साली त्यांनी पोकळी आणि अणू यांच्या वारंवारतेत मुद्दाम फरक ठेवला, म्हणजे अणूला फोटॉन गिळता येणार नाही. पण आत फोटॉन असेल तर अणूच्या कंपनाचा टप्पा थोडा सरकतो. एकामागून एक अणू सोडले. बराच वेळ सगळे सांगत होते "शून्य, शून्य, शून्य". मग अचानक सगळे "एक, एक, एक" सांगू लागले, आणि काही वेळाने पुन्हा शून्य. ०.८ केल्विनच्या ऊबेतून पोकळीत एक फोटॉन आला, राहिला आणि गेला. त्यांनी छापलेल्या एका नोंदीत असा एक फोटॉन जवळजवळ अर्धा सेकंद टिकलेला दिसतो. शेकडो अणूंनी तोच फोटॉन पाहिला आणि तरी तो शाबूत राहिला. मी पहिल्यांदा ती नोंद पाहिली तेव्हा त्या दिवशी दुसरं काही वाचवलं नाही.

टिंब

एवढं थंड कशाला करायचं? फक्त आरसे अतिसंवाहक व्हावेत म्हणून?

अनुनाद

तेही आहे, पण दुसरं कारण तितकंच महत्त्वाचं. ५१ गिगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या फोटॉनच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते. खोलीच्या तापमानाला अशा पोकळीत निव्वळ उष्णतेमुळे साधारण १२० फोटॉन नांदत असतात. त्यांच्यात एकट्या फोटॉनचा आवाज कुठून ऐकू येणार? ०.८ केल्विनला ही सरासरी ०.०५ वर येते.

दृश्य प्रकाशाला हा त्रास नाही, तिथे खोलीची उष्णता फोटॉन तयार करू शकत नाही. पण तिथे तरंगलांबी लहान, सगळा कारभार फार झपाट्याने उरकतो, आणि आरशांवर परावर्तक थरांची विलक्षण अचूक चळत लागते. ते १९९२ मध्ये कॅलटेकला जेफ किंबल यांच्या गटाने सीझियमच्या अणूंवर साधलं.

पारनेरकर

चार गुणिले दहाचा दहावा घात! हा आकडा कळल्यावर त्या आरशांच्या कारागिरांपुढे मनापासून हात जोडतो. पण माझा आक्षेप तसाच उभा आहे. देवाणघेवाण आणि दोन शिखरं ही मंडलांच्या गणितातूनही येतात.

आवर्तसारणी

पारनेरकर सर, तुमचा मुद्दा वर्गात दाखवता येईल असा आहे. दोन खुर्च्यांमध्ये आडवी दोरी ताणायची, तिला सारख्या लांबीचे दोन लंबक टांगायचे. एक हलवला की हळूहळू तो थांबतो आणि दुसरा हलू लागतो, मग उलट. एक लंबक म्हणजे अणू, दुसरा म्हणजे पोकळीतला प्रकाश. आमच्या प्रयोगशाळेत हे सहज होईल. पण मग खरंच क्वांटम कुठे शिरतं?

निर्वात

लंबकाचं उदाहरण उत्तम आहे, आणि ते नेमकं कुठे तुटतं ते पाहिलं की काकांच्या आक्षेपाचं उत्तर मिळतं.

काकांचं म्हणणं एका मर्यादेपर्यंत शंभर टक्के बरोबर आहे. आत फार तर एकच फोटॉन आहे अशा क्षीण प्रकाशात दिसणारी दोन शिखरं जुन्या तरंगगणितानेही मिळतात. १९९० मध्ये हे स्पष्ट मांडणारा शोधनिबंध आला आणि त्यावर बरीच चर्चा झाली.

आता लंबक दुप्पट जोराने हलवा. देवाणघेवाणीला लागणारा वेळ बदलतो का? नाही. झोके मोठे होतात, वेळ तोच राहतो. कारण दोन्ही लंबक हवी तेवढी ऊर्जा घेऊ शकतात.

अणूचं तसं नाही. त्याला दोनच पायऱ्या, खालची आणि वरची. एका वेळी तो एकच घास घेऊ शकतो. म्हणून आत किती फोटॉन आहेत यावर देवाणघेवाणीचा वेग अवलंबून राहतो, आणि तो वर्गमुळाने वाढतो. पॅरिसच्या पोकळीत अणू वरच्या पातळीत आला आणि आत शून्य फोटॉन असतील तर वेग साधारण ५० किलोहर्ट्झ. आत एक असेल तर ५० गुणिले √२, म्हणजे ७१. दोन असतील तर ५० गुणिले √३, म्हणजे ८७. अधलंमधलं काही नाही.

१९९६ मध्ये हारोश यांच्या गटाने पोकळीत अगदी मंद प्रकाश भरला, ज्यात कधी शून्य, कधी एक, कधी दोन फोटॉन असतात. अणूची दोलनं मोजली आणि त्यातल्या वारंवारता वेगळ्या काढल्या. १, √२, √३ या प्रमाणात सुटी सुटी शिखरं मिळाली. प्रकाश अखंड असता तर तिथे एकच पसरट ढीग दिसला असता. प्रकाश सुट्या फोटॉनांचा आहे याचा इतका थेट पुरावा मला दुसरा माहीत नाही.

पारनेरकर

हे पटलं. एक घास की अनेक घास, फरक तिथे आहे. माझ्या मंडलांमध्ये वर्गमूळ कधी आलं नाही आणि येणारही नव्हतं. १९९६ चा आलेख शोधून पाहतो.

अनुनाद

निर्वात यांच्या प्रतिसादाला जोडून थोडा इतिहास. हे वर्गमुळाचं गणित १९६३ चं, एडविन जेन्स आणि फ्रेड कमिंग्ज यांचं. एक अणू, दोन पातळ्या, पोकळीचा एक मोड. क्वांटम प्रकाशशास्त्रातलं बहुधा सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं प्रतिमान. विशेष म्हणजे प्रकाशाला क्वांटम मानायची गरज आहे का, याबद्दल जेन्स स्वतः साशंक होते. निबंधात त्यांनी दोन्ही पद्धतींची तुलनाच केली आहे. आज पारनेरकरांनी घेतला तोच पवित्रा. पुढे तेच प्रतिमान प्रकाशाच्या सुटेपणाची कसोटी बनलं.

१९८० मध्ये एबर्ली आणि सहकाऱ्यांनी त्याचं आणखी एक विलक्षण फळ दाखवलं. वेगवेगळ्या वर्गमुळांच्या दोलनांची लय जुळेनाशी होते आणि एकूण दोलन मरतं. पण वेग सुटे सुटे असल्यामुळे काही काळाने ते पुन्हा जुळतात आणि मेलेलं दोलन जिवंत होतं. हे पुनरुज्जीवन १९८७ मध्ये जर्मनीत हर्बर्ट वाल्थर यांच्या गटाने प्रत्यक्ष पाहिलं.

आपल्याकडचं नावही घ्यायलाच हवं. रिकाम्या पोकळीत अणूमुळे शोषणाच्या रेषेची दोन शकलं कशी होतील, हे गिरीश अगरवाल यांनी १९८४ साली हैदराबाद विद्यापीठात असताना फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये मांडलं. प्रयोगवाले तिथवर पोचायच्या कितीतरी आधी.

कट्टेकरी

अवांतर आहे, पण हारोश यांना २०१२ चं नोबेल मिळालं ना? ते डेव्हिड वाइनलँड यांच्याबरोबर विभागून. जोडी छान आहे: हारोश प्रकाश कोंडून अणूंनी त्याची चौकशी करतात, वाइनलँड अणूंचे आयन कोंडून प्रकाशाने त्यांची. हारोश यांचा जन्म कॅसाब्लांकाचा.

रसायनी

मी रसायनशास्त्रातली. आमच्याकडे या विषयाने गेली काही वर्षं धुरळा उडवला आहे, म्हणून लिहिते.

स्ट्रासबुर्गला थॉमस एब्सेन यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की दोन आरशांच्या मधल्या अरुंद जागेत रेणू ठेवले आणि जोडणी प्रबळ केली, तर प्रकाशाने घडणाऱ्या अभिक्रियेचा वेग बदलतो. २०१६ मध्ये त्याहून धाडसी दावा आला: बाहेरून प्रकाश न टाकता, नुसत्या अंधाऱ्या पोकळीत रेणूंच्या कंपनांशी जुळवून घेतल्याने एक अभिक्रिया मंदावली. हे खरं ठरलं तर उत्प्रेरक न घालता, नुसतं आरशांमधलं अंतर बदलून रसायन वळवता येईल. आपल्याकडे मोहालीच्या आयसर या विज्ञान संस्थेतही यावर काम चालतं.

पण या क्षेत्रातले काही निष्कर्ष इतर प्रयोगशाळांना पुन्हा मिळाले नाहीत, आणि सिद्धांतही अडखळतो. तिथे अणू एकटा नसतो, पोकळीत प्रचंड संख्येने रेणू असतात. शिखरांमधलं अंतर मोठं दिसतं ते रेणूंच्या संख्येच्या वर्गमुळामुळे. एकेका रेणूच्या वाट्याला मात्र त्यातला फारच क्षुल्लक भाग येतो. मग एकटा रेणू वेगळं का वागेल? माझं मत असं की प्रयोग चालू राहावेत, पण "निर्वाताने चालणारं रसायन" अशा बातम्या छापणं सध्या थांबवावं.

टिंब

थांबा, गोंधळलो. निर्वातताई म्हणाल्या वर्गमूळ म्हणजे क्वांटमचा पुरावा. रसायनी म्हणतात त्यांच्याकडेही वर्गमूळ आहे. मग त्यांच्याकडेही पुरावा झाला की!

निर्वात

टिंब, फार नेमकं पकडलंस. ही दोन वर्गमुळं वेगळी. रसायनींचं वर्गमूळ रेणूंच्या संख्येचं आहे. ते काकांच्या मंडलांतूनही येईल, कारण पुष्कळ रेणू मिळून पुन्हा हवी तेवढी ऊर्जा घेऊ शकणारा एक मोठा लंबकच बनतो. पुरावा म्हणून चालतं ते फोटॉनांच्या संख्येचं वर्गमूळ, आणि त्यासाठी अणू एकटा हवा किंवा मोजकेच हवेत. अतिसंवाहक सर्किटमध्ये हे फोटॉनांचं वर्गमूळ २००८ मध्ये झुरिकच्या ईटीएचमध्ये पायरी पायरीने मोजलं गेलं.

कट्टेकरी

आता माझा नेहमीचा प्रश्न, रागावू नका. याचा उपयोग काय?

निर्वात

रागावण्यासारखं काही नाही, माझा पगार त्यातूनच येतो.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अणू आणि आरसे दोन्ही काढून टाकले. अणूच्या जागी चिपवरचं अतिसंवाहक सर्किट, पोकळीच्या जागी त्याच चिपवरची नागमोडी वायर. दोघांची देवाणघेवाण अगदी अणू-फोटॉनसारखी चालली, आणि जोडणी कितीतरी पट प्रबळ. आज अतिसंवाहक क्वांटम संगणकात क्युबिट (माहिती साठवणारा त्याचा मूळ घटक, इथे ते सर्किटच) वाचण्याची रीत हीच आहे: क्युबिट कुठल्या अवस्थेत आहे त्यावर शेजारच्या पोकळीची वारंवारता किंचित सरकते, आणि ते सरकणं आम्ही मायक्रोवेव्ह पाठवून मोजतो. पॅरिसला अणूने फोटॉन मोजला, इथे फोटॉन "अणू" मोजतो.

आणि पर्सेल आमच्या रोजच्या बोलण्यात आहेत. वाचण्यासाठी जोडलेल्या पोकळीतून क्युबिटची ऊर्जा गळते, त्या गळतीला आम्ही पर्सेल क्षयच म्हणतो. तो अडवायला क्युबिटच्या वारंवारतेचे मोड बंद करणारा फिल्टर बसवतो. थोडक्यात, क्लेप्नर यांनी पट्ट्यांनी केलं तेच आम्ही चिपवर करतो. फिल्टर म्हटल्यावर पारनेरकर काकांना बोलवायला हवं.

मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये अशी सर्किटं बनतात. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथला गट, डीआरडीओची पुण्याची क्वांटम प्रयोगशाळा आणि टीसीएस यांनी मिळून ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचं जाहीर झालं.

आवर्तसारणी

इतकं भरभरून लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. रिकाम्या पोकळीचं मला असं समजलं: फोटॉन नसले तरी मोड असतोच, आणि त्याचं क्षेत्र शून्याभोवती थरथरत असतं, अणू त्याच्याशी जोडलेला आहे. बरोबर ना? पण माझा पहिला प्रश्न तसाच राहिला. अणूला आरसा आहे हे आधीच कळतं कसं?

अनुनाद

रिकाम्या पोकळीचं अगदी बरोबर. पॅरिसच्या पोकळीत त्या थरथरीचं विद्युत क्षेत्र मीटरला साधारण दीड मिलिव्होल्ट भरतं. एवढंसंच, पण अणू फुगलेला असल्यामुळे पुरेसं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आधीच कळत नाही. अणू १.६ नॅनोसेकंद गप्प बसून मग एकदम फोटॉन फेकतो, हे चित्र मुळात मोडायला हवं. वरच्या पातळीत गेल्या क्षणापासून तो भोवतालच्या क्षेत्राशी जोडलेला असतो आणि फोटॉन तिथे असण्याची शक्यता हळूहळू वाढत जाते. हे क्षेत्र प्रकाशाच्या वेगाने पसरतं, आरशावरून परत येतं आणि अणूवरच काम करतं. परत आलेलं क्षेत्र जुळलं तर उत्सर्जन वाढतं, विरोधात गेलं तर दबतं.

आता आकडे घाला. १.६ नॅनोसेकंदात प्रकाश ४८ सेंटीमीटर जातो. आरसा काही मायक्रॉनवर असेल तर जाऊन येण्याचा वेळ आयुर्मानापुढे नगण्य, म्हणून अणूला आरसा पहिल्यापासून ठाऊक होता असं वाटतं. आरसा दहा मीटरवर नेला तर प्रतिध्वनी यायच्या आत अणू विझून गेलेला असतो आणि त्याचं आयुर्मान मोकळ्या अवकाशातलंच भरतं.

याचा सुंदर प्रयोग इन्सब्रुकला २००१ मध्ये झाला. एकच बेरियम आयन सापळ्यात धरला, २५ सेंटीमीटरवर आरसा ठेवला आणि आयनाचा प्रकाश भिंगाने आरशावर पाडून आयनाकडेच परत आणला. आरसा तरंगलांबीच्या अंशाने पुढे-मागे केला की आयनाच्या एकूण उत्सर्जनात टक्क्याच्या आसपास चढउतार दिसला.

टिंब

म्हणजे अणू वरच्या पातळीत गेल्यानंतर मी पटकन आरसा आणून ठेवला तर?

अनुनाद

तर आरशाची वर्दी प्रकाशाच्या वेगाने अणूपर्यंत पोचेपर्यंत अणू मोकळ्या अवकाशाच्या दराने विझत राहील, आणि तोवर वरच शिल्लक असेल तर त्यानंतर दर बदलेल. क्लेप्नर यांच्या अणूंना हेच उलट क्रमाने घडवता येईल: दबलेला अणू पट्ट्यांमधून बाहेर आला की पुन्हा नेहमीच्या दराने विझू लागतो.

पारनेरकर

निर्वात, पर्सेल फिल्टरचं काम कळलं. क्युबिटची वारंवारता अडवायची आणि पोकळीची जाऊ द्यायची, दोघांत अंतर किती असतं? आणि चिपवर तो पट्टा-पार बनवता की नुसता खाच-प्रकार?

निर्वात

काका, दोन्ही चालतात. सहसा क्युबिट ५ गिगाहर्ट्झच्या आसपास आणि वाचनाची पोकळी ७ च्या आसपास असते, म्हणजे दोनेक गिगाहर्ट्झ मिळतात. सुरुवातीला खाच-प्रकार वापरला गेला, क्युबिटच्या वारंवारतेवर नेमकी खाच. पण एकाच वाहिनीवरून अनेक क्युबिट वाचायचे असतील आणि प्रत्येकाची वारंवारता थोडी वेगळी असेल तर एक खाच पुरत नाही. मग कमी क्यूचा पट्टा-पार फिल्टर घालतो, त्यातून सगळ्या पोकळ्यांचे सिग्नल जातात आणि सगळे क्युबिट पट्ट्याबाहेर राहतात. क्यू साधारण तीस ठेवला तरी भागतं. तुमच्या अनुभवाला यात पुष्कळ वाव आहे. वेगळा धागा काढा, मी येते तिकडे.